डिस्चार्ज कार्डावर दुसऱ्या नळीबद्दलही लिहावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजून नळी फुटल्यामुळे गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या जावेची उजवी नळी तातडीने काढावी लागली. चवथीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधताना घरातील वडीलधारी बाई म्हणाली, "एक नळी गेली, आता अर्धीच आशा," आणि आम्हा सगळ्यांना तो हिशेब पटला.

प्रत्यक्षात हिशेब असा नाही. 'लॅन्सेट'मध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, 446 स्त्रियांच्या अभ्यासात नळी चिरून फक्त गर्भ काढलेल्यांपैकी 60.7 टक्के, तर नळीच काढलेल्यांपैकी 56.2 टक्के स्त्रियांना तीन वर्षांत नैसर्गिकरीत्या गर्भ राहिला, आणि हा फरक निर्णायक मानण्याइतका नव्हता. उलट नळी राखलेल्यांपैकी सुमारे सात टक्के स्त्रियांत गर्भाचे अवशेष मागे राहिल्याने पुढे आणखी उपचार करावे लागले. फ्रान्समधील 2013 च्या अभ्यासातही, शस्त्रक्रियेऐवजी गर्भाची वाढ थांबवणारे मेथोट्रेक्सेट इंजेक्शन घेतलेल्या 67 आणि नळी राखणारी शस्त्रक्रिया झालेल्या 71 टक्के स्त्रियांना दोन वर्षांत गर्भाशयात गर्भ राहिला. तोही फरक निर्णायक नव्हता. (अर्थात हे इंजेक्शन प्रकृती स्थिर असताना, गर्भ लहान असेल तरच देता येते आणि त्यानंतर साधारण तीन महिने गर्भधारणा टाळावी लागते.)

परंतु 'लॅन्सेट'मधील अभ्यासात दुसरी नळी निरोगी दिसलेल्या स्त्रियाच घेतल्या होत्या, आणि माझी तक्रार नेमकी इथेच आहे. जावेच्या कार्डावर उजवी नळी काढल्याची नोंद होती, डावीबद्दल अवाक्षर नव्हते. शस्त्रक्रिया करताना डॉक्टरांना ती समोर दिसते. त्यांनी तोंडी सांगितलेही असेल, पण भुलीच्या गुंगीत असलेल्या बाईच्या ते कसे लक्षात राहावे? गोव्यातील सरकारी व खाजगी इस्पितळांनी दुसऱ्या नळीची स्थिती, आणि पुढच्या खेपेस दिवस राहताच लवकर सोनोग्राफी करण्याची सूचना, कार्डावर मराठीत वा कोकणीत लिहून द्यावी. एकदा असे झालेल्या स्त्रीला पुन्हा तसेच होण्याचा धोका दहा टक्क्यांच्या आसपास असल्याने ही सूचना तोंडी राहून चालणार नाही.

जावेने अखेर महिन्याभराने इस्पितळात जाऊन 'डावी नळी निरोगी' एवढे कार्डावर लिहून आणले. त्यासाठी तिला वाळपईहून दोन बसगाड्या बदलाव्या लागल्या.

आपली नम्र,
एक वाचक, सत्तरी