वेळ निघतानाच टिपा

संपादक महोदय,

गर्दीत कोणते नकाशा अ‍ॅप अचूक, हे जळगावात आकाशवाणी चौक ते अजिंठा चौफुली या पट्ट्यात सहज तपासता येते. एकाच गाडीत दोन फोन ठेवावेत, एकावर गुगल मॅप्स, दुसऱ्यावर मॅपल्स (मॅपमायइंडिया कंपनीचे भारतीय नकाशा अ‍ॅप). ठिकाण, वाहनप्रकार आणि मार्गाच्या सेटिंग दोन्हींत सारख्याच हव्यात. निघताना दाखवलेली वेळच कागदावर लिहावी. वाटेत अ‍ॅप ती सतत बदलते, त्यामुळे शेवटी प्रत्येक अ‍ॅप बरोबरच वाटते! अंदाज २० मिनिटांचा आणि लागली २५, तर चूक ५ मिनिटांची. एका फेरीवर निकाल लावू नये. आठवडाभर, त्याच वेळी तपासावे.

अंदाज चुकतो तो बहुधा समांतर रस्त्यांपाशी. अ‍ॅपला कोंडी कळते ती रस्त्यावरच्या फोनांच्या जागेवरून आणि वेगावरून. मोकळ्या आकाशाखालीही फोनचे जीपीएस साधारण ५ मीटर इकडेतिकडे असते. महामार्ग आणि सेवा रस्ता खेटून असले की एकाची कोंडी दुसऱ्याच्या नावावर पडते. कोंडीतून वाट काढणाऱ्या दुचाकींचा वेग चारचाकीच्या हिशेबात मिसळला, तरी अंदाज फसतो. दुचाकीस्वारांनी म्हणूनच गुगल मॅप्समध्ये दुचाकीचा पर्याय निवडावा. रस्ता खोदून बंद केलेला दिसला, तर गाडी बाजूला थांबवून अ‍ॅपवर तेवढे जरूर कळवावे.

— एक वाचक, जळगाव