फ्लूचे मोजलेले मृत्यू आणि झालेले मृत्यू

राज्यातील स्वाइन फ्लूच्या मृत्यूंची बातमी वाचली. त्यातला आकडा प्रयोगशाळेत निदान झालेल्यांचाच असतो, हे मात्र बातमीत नव्हते. चाचणीविना दगावलेला वृद्ध न्यूमोनिया किंवा हृदयविकाराच्या खात्यावर जातो. २००९च्या साथीत जगभर सुमारे १८,५०० मृत्यू प्रयोगशाळेत सिद्ध झाले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज दीड ते पावणेसहा लाखांचा होता. अमेरिकेत फ्लूने दगावलेल्या मुलांची २००४पासून एकेक नोंद होते. प्रौढांचे अंदाजच, तेही किमान-कमाल मर्यादेसह. (ते फुगवलेले वाटतात खरे, पण निदान अंदाज म्हणून तरी सांगितले जातात.) मृत्यूंच्या आकड्याशेजारी किती संशयितांची चाचणी झाली, तेही आपण छापावे.

– एक वाचक, सातारा