फोटोतलं बोट

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

दसऱ्याच्या आसपास तुमच्या पेपरात शस्त्रपूजनाचा एक फोटो आला होता बघा, झेंडूची माळ घातलेलं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन एक गृहस्थ हसत उभे, आणि बोट चक्क ट्रिगरवर, समोर बिचारा फोटो काढणारा. माझी मुलगी ओरडलीच, "आई, यांचं बोट बघ!" मी आपली हारफुलं बघत होते.

ती दोन वर्षं एअर पिस्टल शिकतेय. पहिल्या दिवशी सरांनी छर्रा दिलाच नाही, तासभर नुसतं उचल, ठेव, उचल, ठेव. बोट ट्रिगरच्या कडीबाहेर फ्रेमला सरळ चिकटलेलं, नळी टार्गेटकडेच, आणि खाली ठेवलं की नळीत ती केशरी दोरी हवीच, म्हणजे लांबूनही कळतं आत काही नाही. मला वाटलं फी भरून हे काय चाललंय. तर सर म्हणाले, ताई तुम्ही धरा. धरलं, आणि बोट आपोआप आत! लहानपणी टिकलीचं पिस्तूल असंच धरायचो ना, सवय जाते कुठे.

एअर पिस्टलचा ट्रिगर मॅचमध्ये कमीत कमी ५०० ग्रॅमचा लागतो, म्हणजे अर्ध्या लिटर दुधाच्या पिशवीएवढा जोर, बस. लोकलमध्ये धक्का बसला की पर्स आपण न ठरवताच आवळतो, एका हाताने दांडा घट्ट धरला की दुसरी मूठही वळते, तेव्हा बोट आत असलं तर त्याला थांब म्हणून सांगणार कोण? आणि मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची डबी, काढलं की पिस्तूल रिकामं, असं समजणारे तर कितीतरी, पण एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी, बसलेली असू शकते, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून डोळ्यांनी बघावं लागतं आणि बघितल्यावरही भरलेलंच समजून धरायचं.

सगळं बोटावरच असतं असंही नाही म्हणा. २०२४ मध्ये जुहूला अभिनेते गोविंदांच्या पायात स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी गेली, ते हातातून पडलं असं तेव्हा छापून आलेलं. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे मागून गोळीवर आपटणारी हातोडी, गोळीवर टेकलेला असला तर नुसतं पडूनही बार उडू शकतो (मुंबईत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, ते वेगळं!). म्हणून नळी कुठे बघतेय हेही तितकंच बघायचं.

तर विनंती एवढीच, पुढच्या दसऱ्याला शस्त्र पाटावर ठेवलेला फोटो छापा, हातातला नको, आणि छापायचाच असला तर आधी बोट बघा. आमच्याकडे तर आता तुळशीवर पाणी मारायच्या स्प्रेच्या बाटलीवरही मुलीचं बोट सरळ असतं, आणि माझं आत दिसलं की ओरडा बसतो.

– एका नेमबाज मुलीची आई, माहीम