आधी घरची चूल, मग जहाज

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पूर्व किनाऱ्यावरच्या गॅस निर्यातदारांना 2027 पासून 15 ते 25 टक्के गॅस देशातच ठेवावा लागेल, असे ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने डिसेंबर 2025 मध्ये जाहीर केले. आपल्याकडे त्यावर फारसे कुणी बोलले नाही. निम्म्याच्या आसपास गॅस बाहेरून आणणाऱ्या देशाने बोलायला हवे होते, म्हणून हे पत्र.

माझी उभी नोकरी खत कारखान्यात गेली. युरियाला अमोनिया लागतो आणि अमोनियाला गॅस. लाइनचा दाब जरा उतरला की कंट्रोल रूममध्ये सगळ्यांचे चेहरे उतरायचे. त्यामुळे निवृत्तीनंतरही कुठल्याही गावी गेलो की आधी तिथला गॅस कुठून येतो ते विचारतो. घरच्यांना या सवयीचा कंटाळा आला आहे.

गेल्या हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या जून-जुलैत, आम्ही दोघे मुलीकडे मेलबर्नला होतो. तिच्या नव्या घरात गॅसची नळीच नाही. व्हिक्टोरिया राज्यात नियोजन परवाना लागणाऱ्या नव्या घरांना 1 जानेवारी 2024 पासून गॅसजोडणी देत नाहीत. इंडक्शनवर भाकरी एका बाजूने छान भाजली, पण फुगवायला जाळ कुठून आणायचा? सौ.ने कापडाची पुरचुंडी करून ती तव्यावरच दाबत फुगवली. फुगली, पण पापुद्रा काही सुटला नाही. बंदीमागे हवामानाचे कारण आहे तसेच टंचाईचेही. बास सामुद्रधुनीतले जुने साठे आटत चालले आहेत. सिडनीच्या दक्षिणेला पोर्ट केंब्ला येथे तर चक्क आयातीसाठी टर्मिनल उभारले आहे. आणि हाच देश वर्षाला सुमारे 8 कोटी टन द्रवरूप गॅस जहाजांनी बाहेर पाठवतो!

हे घडले कसे, ते क्वीन्सलँडमधल्या कर्टिस बेटावर दिसते. कोळशाच्या थरांतला गॅस काढायचा, उणे 162 अंशांपर्यंत थंड करायचा, म्हणजे त्याचे आकारमान सहाशेपटीने घटते, आणि जहाजात भरायचा. एवढ्या एका कामासाठी त्या बेटावर एकमेकांना खेटून तीन प्रकल्प उभे राहिले. ज्याची त्याची चूल वेगळी. 2015 पासून जहाजे सुटू लागली आणि लवकरच कळले की तिघांपैकी एकाकडे करार पुरे करण्याइतका स्वतःचा गॅसच नाही. मग तो देशी बाजारातून उचलायला लागला. पूर्वी तीन-चार ऑस्ट्रेलियन डॉलरला मिळणारा गिगाज्यूलभर (गिगाज्यूल हे तिकडचे गॅस मोजायचे माप) गॅस पुढे इतका महागला की 2022 च्या डिसेंबरात सरकारला 12 डॉलरची कमाल मर्यादा घालावी लागली. ब्रिस्बेनच्या गिब्सन आयलंडवरचा खत कारखाना परवडणाऱ्या भावात गॅस मिळेना म्हणून बंद करण्याचा निर्णय 2021 मध्ये जाहीर झाला. ती बातमी वाचताना मला आमची कंट्रोल रूम आठवली. निर्यात रोखण्याचा अधिकार सरकारने 2017 मध्येच स्वतःकडे घेतला होता, पण तो प्रत्यक्षात कधी वापरला नाही.

राखीव कोट्याने निर्यात उद्योग बुडेल, अशी ओरड कंपन्या करत आहेत. मला ती पटत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाने 2006 मध्येच 15 टक्के गॅस राज्यासाठी राखून ठेवण्याचे धोरण आणले. त्यानंतरही तिथे गॉर्गन आणि व्हीटस्टोन हे अवाढव्य प्रकल्प झालेच. 1989 पासून जपानला गॅस पाठवणाऱ्या नॉर्थ वेस्ट शेल्फ प्रकल्पाला तर 2025 मध्ये थेट 2070 पर्यंत मुदतवाढ मिळाली. शेजारीच मुरुजुगाची हजारो वर्षांपूर्वीची कातळचित्रे आहेत, त्यांना त्याच वर्षी जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तरीही. आमच्या रत्नागिरीकडच्या कातळशिल्पांची काळजी वाटणाऱ्याला हे वाचून बरे वाटत नाही.

या उद्योगाला खरी धास्ती बाहेरची आहे. कतारने वर्षाला 7.7 कोटी टनांची क्षमता 14 कोटींच्या पुढे नेण्याचा घाट घातला आहे, अमेरिका तर सगळ्यांच्या पुढे गेली, आणि जुने गिऱ्हाईक असलेल्या जपानच्या कंपन्या ऑस्ट्रेलियातून घेतलेला गॅस गरजेपेक्षा जास्त झाला की तिसऱ्या देशाला विकतात. राखीव कोट्याचे हिशेब त्यापुढे किरकोळ आहेत.

आता आपले. कोचीच्या टर्मिनलसाठी गॉर्गनचा वर्षाला सुमारे 15 लाख टन गॅस घेण्याचा 20 वर्षांचा करार 2009 मध्ये झाला. जुने करार पाळू, असे ऑस्ट्रेलिया सरकार म्हणते. मग राखीव कोटा कुठून निघणार? करारात न अडकलेल्या, आयत्या वेळी विकल्या जाणाऱ्या गॅसमधून. आपण अडीअडचणीला नेमका तोच घेतो. 2022 मध्ये युरोप वाटेल तो भाव द्यायला तयार झाला तेव्हा आशियातल्या गरीब गिऱ्हाइकांच्या वाट्याचा गॅस तिकडे वळला, ते फार जुने नाही. विकणाऱ्याच्या घरात गॅसवरून भांडण लागले आहे का, हे सही करण्यापूर्वी कुणी पाहते का? आपण गॅसचा भाव पाहतो आणि टर्मिनल बांधतो. तेही दाभोळसारखे, जिथे ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, पुरा नसल्याने वर्षानुवर्षे पावसाळ्यात जहाज लागत नव्हते.

आपला,
एक निवृत्त वाचक, अलिबाग

ता. क. मुलीने आता मागच्या अंगणात छोटा सिलिंडर आणि एक बर्नर आणून ठेवला आहे. रविवारी भाकऱ्या तिथे होतात. सिलिंडरमधला गॅस वेगळा, नळीतला वेगळा, असे मी फोनवर समजावू लागलो, तर तिने फोन आईकडे द्यायला सांगितले.