नवे बेअरिंग बसवण्याआधी

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली बेअरिंगची छायाचित्रे मी सकाळच्या उजेडात पुन्हा मोठी करून पाहिली. एवढ्या कष्टाने बांधलेले इंजिन हजार किलोमीटरही न चालता खडखडू लागले, याचे तुला किती वाईट वाटले असेल ते तुझ्या तुटक बोलण्यावरूनच कळत होते. नवा संच आला आहे आणि रविवारी गाडी ट्रॅकवर न्यायची आहे, असे तू म्हणालीस. रविवारबद्दल तुला काही बोलणार नाही, असे मी बाबांना कबूल केले आहे, तेव्हा बेअरिंगबद्दलच लिहिते.

पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या तिसऱ्या रॉडच्या बेअरिंगचे वरचे अर्धगोल शेल पाहा. करडा मुलामा जाऊन खालचे तांबे उघडे पडले आहे. नुसते तांबेच दिसले असते, तर तेल कमी पडले असावे असे मीही म्हटले असते; परंतु क्रँक ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने ओढलेल्या बारीक रेघा तेथे आहेत, आणि दोन ठिकाणी काळा ठिपका रुतून त्याच्याभोवती चकचकीत कडे उमटले आहे. कठीण कण मऊ थरात रुतला की त्याच्या कडेचा धातू वर उचलला जातो आणि जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग, त्या उंचवट्यावर घासून त्याला चकाकी आणतो. कचरा तेलातून आलेला आहे. तो कोठून आला हे कळल्याशिवाय नवे शेल बसवलेस, तर त्यांचीही हीच गत होईल, आणि पुढच्या वेळी केवळ आवाज येऊन भागेलच असे नाही.

ऑइल कूलर जुनाच ठेवला आहे, असे तू बोलण्याच्या ओघात म्हणालीस, आणि तेव्हापासून माझे मन त्या वाक्यापाशीच अडकले आहे. आधीचे इंजिन बेअरिंगचा चुरा होऊनच गेले होते. तो चुरा कूलरच्या अरुंद वाटांत जाऊन बसतो, कितीही धुतला तरी पूर्ण निघाल्याची खात्री देता येत नाही, आणि गरम तेलाचा झोत सुरू झाला की थोडा थोडा सुटू लागतो. फिल्टर आहे हे खरे, पण तेल थंड आणि घट्ट असताना त्याची बायपास झडप उघडते आणि न गाळलेले तेल थेट बेअरिंगकडे जाते. म्हणून कूलर नवा घे. क्रँक घासून आला तेव्हा तेलवाहिन्यांचे प्लग काढून आतून ब्रश फिरवला होता का, हेही विचार. नुसत्या हवेच्या झोताने घासकामाची भुकटी निघत नाही.

हे सगळे तुला ठाऊक असणार, आणि मी मात्र परीक्षा घेतल्यासारखी लिहीत सुटले आहे; रागावू नकोस. आयुष्य मोजमापाच्या खोलीत गेले की प्रत्येक गोष्ट मोजून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. तुलाही ती सवय लहानपणीच लागली होती. नानांचा मायक्रोमीटर हाती आला तेव्हा तू घरातल्या प्रत्येकाचा एकेक केस उपटून मोजला होतास, आजीचा सर्वांत बारीक भरला, आणि ती खट्टू झाली म्हणून दुपारभर तिची समजूत काढत बसली होतीस. ती चिमुरडी आज अख्खे इंजिन एकटीने बांधते, हे मी भेटेल त्याला सांगत असते.

त्या केसाएवढीच फट तू आज सांभाळते आहेस. पन्नास मिलिमीटरच्या जर्नलला साधारण ०.०५ मिलिमीटर मोकळीक ठेवतात, आणि भार सर्वाधिक असतो त्या क्षणी एका बाजूचा तेलाचा थर हजारांश मिलिमीटरच्या आसपास येतो. मिनिटाला ७००० फेऱ्यांवर जर्नलचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे १८ मीटर वेगाने त्या थरावरून धावत असतो. थर तुटला तर शेल तापते, जर्नलला चिकटते, कधी रॉडच्या क्रँककडील टोकात, बिग एंडमध्ये, फिरतेही. मग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि गरम तेल मागच्या चाकांखाली सांडते. तू त्या वेळी सरळ रस्त्यावर असशील की वळणावर, हे कोणी सांगावे? दादाच्या वेळचे तू विसरली नसशील. मी रविवारचा विषय काढणार नव्हते, पण काढलाच आहे तर स्पष्टच लिहिते: कारण हाती लागेपर्यंत ती गाडी ट्रॅकवर नेऊ नकोस.

आणखी एक शंका आहे. रॉडचे बोल्ट तू अधिक ताकदीचे घातलेस, पण त्यानंतर बिग एंडचे भोक पुन्हा मोजल्याचे तुझ्या बोलण्यात कोठे आले नाही. बोल्टची पकड वाढली की ते भोक किंचित लंबगोल होते. शेल घट्ट बसते ते दोन्ही अर्धे दाबले गेल्यामुळे. शेलच्या कडेची ती लहानशी जीभ केवळ जागा दाखवण्यापुरती असते. तेव्हा बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळून भोक दोन-तीन दिशांनी मोज, आणि दाबून फट मोजायच्या त्या मऊ दोऱ्यावर, एकट्या प्लास्टिगेजवर, विसंबू नकोस. इंजिन पुन्हा बांधल्यावर स्पार्क प्लग काढून ठेव आणि गेजवर तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टरनेच फिरव. पहिला फिल्टर टाकून देऊ नकोस, कापून त्याच्या घड्या उलगडून पाहा.

तुझ्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे, हे तू मनात ठेव. मला भीती वाटते ती घाईची. सगळी शेल क्रमाने, वरची वर आणि खालची खाली मांडून, पाठीची बाजूही दिसेल अशी छायाचित्रे गुरुवारपर्यंत पाठव. एकाच शेलवर रेघा आहेत की सगळ्यांवर, हे मला पाहायचे आहे. भोक मोजायचा माझा बोअर गेज बाबा शनिवारी घेऊन येतील. तो शून्यावर लावूनच देते आहे, तरी वापरण्याआधी तू एकदा तपासून घे.

तुझी,
आई