टोटल प्रोटीन नॉर्मल, तरी पाय सुजलेले

संपादक साहेब, नमस्कार.

परवाच्या आरोग्य पुरवणीत रक्तातल्या प्रोटीनवर लेख होता, ‘टोटल प्रोटीन (१०० मिलीला) ६ ते ८ ग्रॅममध्ये आलं की काळजी नको’ एवढ्यावरच विषय गुंडाळलाय, म्हणून लिहितोय. मी ३० वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली, हा आकडा बघून निवांत झालेली घरं खूप पाहिली, त्यात आमचंही एक. सासऱ्यांचा रिपोर्ट आला, टोटल प्रोटीन ७.२, सगळे खूश, आणि पाय बघाल तर बोट दाबलं की खड्डा पडत होता. खालच्या ओळी कुणी वाचल्याच नव्हत्या. टोटल म्हणजे दोन प्रोटीनची बेरीज, अल्ब्युमिन २.४, ग्लोब्युलिन ४.८. अहो, अल्ब्युमिन साडेतीनच्या वर पाहिजे, ते लिव्हरमध्ये बनतं आणि रक्तातलं पाणी नसांमध्ये धरून ठेवतं, ते घटलं की पाणी बाहेर झिरपतं. इथे एक घसरलं, दुसरं फुगलं, बेरीज मात्र झकास! लिव्हर कधीचं खराब झालेलं.

ग्लोब्युलिन हेही एक नाही हो, आख्खं खटलं आहे. स्वीडनच्या टिसेलियस या शास्त्रज्ञाने १९३७ साली सीरममधून (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्यातून) करंट सोडून हे वेगवेगळे केले (१९४८ चं नोबेल मिळालं त्यांना), अल्ब्युमिन सगळ्यात पुढे पळालं, मागे राहिले त्यांना अल्फा, बीटा, गॅमा म्हणाले, अल्फाचे पुढे दोन भाग झाले. लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन बीटात, अँटिबॉडीज मुख्यतः गॅमात, आणि त्या लिव्हर बनवत नाही, प्लाझ्मा सेल नावाच्या पेशी बनवतात. गॅमात एकच उंच सुळका दिसला तर आम्ही लगेच डॉक्टरांना फोन लावायचो, कारण मायलोमाची, म्हणजे याच प्लाझ्मा सेलच्या कॅन्सरची, शंका येते.

तिसरं फायब्रिनोजेन, ते या रिपोर्टमध्ये दिसतच नाही कारण रक्त गोठताना ते त्यातच खर्च होतं आणि उरतं ते सीरम. हिमोग्लोबिन यात धरतात का असंही लोक विचारायचे, नाही, ते लाल पेशींच्या आत, त्याचा हिशोब वेगळा.

लेख वाचून आमच्या सोसायटीत दोघांनी प्रोटीन पावडरचे डबे आणलेत. लिव्हर बनवत नसेल किंवा किडनीतून गळत असेल तर डबा काय करणार? पुढच्या पुरवणीत निदान ए-जी रेशोची (अल्ब्युमिन भागिले ग्लोब्युलिन) ओळ टाका, एकाच्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा म्हणून. सासऱ्यांचा ०.५ होता, रिपोर्टवर छापलेलाही होता.

एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सातारा