सिक्युरिटीचा दर विचारता, तसे प्रशिक्षणही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबरातल्या सर्वसाधारण सभेत आमच्याकडे सिक्युरिटीच्या कंत्राटावर तासभर घासाघीस चालते. एका गार्डमागे महिन्याला किती, रिलिव्हरचे (सुट्टीच्या दिवशीच्या बदली गार्डचे) वेगळे का, जीएसटी धरून की सोडून. येणारा माणूस काय शिकून आला आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. मी कोपरखैरण्यातल्या एका सोसायटीची सचिव आहे.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या मीटर रूममधून धूर येऊ लागला. गेटवरचा मुलगा हिंगोलीकडचा, विशीतला, कामाला प्रामाणिक. तो धापा टाकत पाचव्या मजल्यावर मला उठवायला आला. त्याच्या खुर्चीमागेच आग विझवायचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर टांगलेला होता, पिनेवरचे प्लास्टिकचे सील जसेच्या तसे. तळमजल्यावर एक निवृत्त वायरमन राहतात. त्यांनी मेन स्विच पाडला, पिन उपसली आणि सिलिंडर मारला, म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला विचारले, तुला ट्रेनिंग काय दिले होते? "सलाम कसा ठोकायचा आणि रजिस्टर कसं भरायचं ते सांगितलं, मॅडम. अर्धा तास." युनिफॉर्मचे पैसे मात्र पहिल्या पगारातून न विसरता कापले होते.

खासगी सुरक्षा एजन्सींसाठी केंद्राचा 2005 चा कायदा आहे. गार्डला प्रशिक्षण देण्याची जबाबदारी तो एजन्सीवर टाकतो. केंद्राच्या आदर्श नियमांत हे प्रशिक्षण 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष कामावर, किमान 20 दिवसांत पुरे करायचे आहे. माजी सैनिक आणि पोलिसांना सवलत, तरीही 40 आणि 16 तास. आग विझवणे, प्रथमोपचार, गर्दी आवरणे, ओळखपत्र तपासणे, पोलीस ठाण्यात एफआयआर कशी नोंदवायची, हे सगळे त्या अभ्यासक्रमात आहे. शिवाय एक किलोमीटर सहा मिनिटांत धावता आले पाहिजे. ही अट मी आमच्या कमिटीत वाचून दाखवली तेव्हा हशा पिकला.

हसणे सोपे आहे. पण गावाहून आलेल्या मुलाला ते 20 दिवस कोण पोसणार? एजन्सी म्हणते, तुम्ही दर वाढवून द्या. आम्ही सगळ्यांत कमी दराचे कोटेशन उचलतो. मग सकाळी गाडीतून उतरलेला मुलगा त्याच रात्री गेटवर उभा राहतो. आमच्याकडचा एक जण दिवसा रबाळे एमआयडीसीत बारा तास काढून रात्री इथे येतो. त्याला डुलकी लागली की फोटो काढून ग्रुपवर टाकणारे सदस्यही आमच्याकडे आहेत.

राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून बी फॉर्म घ्यावा लागतो. पंप, होज, सिलिंडर सगळे तपासून दाखला मिळतो. ते चालवणाऱ्याचा दाखला आमच्या फाइलमध्ये एकही नाही.

यंदाच्या सभेपुढे मी ठराव मांडते आहे. प्रत्येक गार्डचे प्रशिक्षण प्रमाणपत्र आणि पोलीस पडताळणी कागदावर आल्याशिवाय एजन्सीचे पहिले बिल द्यायचे नाही. बी फॉर्मसाठी माणसे येतील त्याच दिवशी गार्डकडून सिलिंडर प्रत्यक्ष चालवून घ्यायचा, आणि त्या वेळेचा पगार सोसायटीने द्यायचा. परवान्याचे नूतनीकरण करणाऱ्या सरकारी यंत्रणेनेही एजन्सीची कागदपत्रे पाहून न थांबता अधूनमधून एखाद्या गेटवर येऊन गार्डलाच दोन प्रश्न विचारावेत.

देखभाल खर्च थोडा वाढेल. हरकत कोण कोण घेणार, ते मला आताच ठाऊक आहे.

– एका सोसायटीची सचिव, कोपरखैरणे, नवी मुंबई
(एजन्सी अजून आमच्याकडेच आहे, त्यामुळे नाव छापू नये.)